तापमान स्थिर धरलं तर

तुमच्या सोसायटीतले काका बहुधा वास्तुशास्त्राचे नाहीतर होमिओपॅथीचे असतील. आमचे बॉइलचे आहेत. फिजिक्सचे निवृत्त मास्तर. बोलणं कुठूनही निघो, काका ते १६६२ सालात नेतात आणि 'तापमान स्थिर धरलं तर' इथे आणून सोडतात.

सहलीला पसरणीच्या घाटात वेफर्सची पाकिटं उशीसारखी फुगली. पोरं ती फोडायला टपलेली, तर काकांनी बस थांबवली. पाचगणी पुण्याहून सातशेएक मीटर उंच, बाहेरचा दाब आठेक टक्के उतरला, म्हणून आतल्या हवेने अंग पसरलं. दाब कमी, आकारमान जास्त. "अर्थात, तापमान स्थिर धरलं तर!" वेफर्स हाती आले तेव्हा पाचगणी मागे पडली होती.

एकदा हिने संपत आलेला गॅसचा सिलिंडर आडवा केला. काका धावत वर. "वहिनी, उभा करा आधी! आत द्रव आहे. त्याचा थेंब आहे तोवर दाब तेवढाच राहणार. इथे बॉइल चालत नाही!" मला वाटलं, सुटलो. "म्हणजे, तापमान स्थिर धरलं तर," काका म्हणाले.

बॉइल नसला की काकांचा शार्ल सुरू होतो. वायू तापला की पसरतो, यावर शार्लने १७८७च्या सुमारास केलेलं काम छापलंच नव्हतं. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने तोच नियम मांडला आणि श्रेय शार्लला दिलं. हे सांगताना काका टाकीदुरुस्तीचं श्रेय एकट्याने लाटणाऱ्या चिटणिसांकडे टक लावून बघतात.

मग २०२१चा एप्रिल आला. घराघरात ऑक्सिजनचे सिलिंडर, आणि हा पुरणार किती वेळ, ते कोणालाच कळेना. रात्री दोन-दोनला काकांना फोन जाऊ लागले. सिलिंडर दहा लिटरचा, काटा शंभर बारवर, म्हणजे बाहेर हजार लिटर. मिनिटाला पाच लिटर, म्हणजे दोनशे मिनिटं. "अडीच तासच धरा. दुसरा आत्ताच सांगून ठेवा." बस्स. बॉइल नाही, अट नाही. वेफर्सवर पाऊण तास घेणारा माणूस मिनिटात फोन ठेवायचा, कारण पुढचा वाजत असायचा. 'सी' विंगमधल्या एका घरात हिशेब मिनिटाला मिनिट बरोबर आला. दुसरा सिलिंडर आला नाही.

परवा काकांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो. वाटेत पंपावर हवा तपासायला थांबलो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, धावून तापलेल्या टायरचा काटा जास्तच दाखवणार. तेव्हा टायर निवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. मे महिन्याची भर दुपार. गाडीतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. शेवटी हवा भरणाऱ्या पोरानेच विचारलं, "काका, किती वेळ लागेल?"

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. काकांनी मात्र प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खिशातून पेन काढलं.