२२० अक्षरांत मी

पुण्याहून लेकीचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. "बाबा, तुमचं लिंक्डइन प्रोफाइल श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखं दिसतं. नाव, फोटो आणि खाली नुसतं 'जबलपूर'."

मी हसून सोडून दिलं आणि त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर दार लावून कॉम्प्युटरपुढे बसलो.

चौपन्नाव्या वर्षी मला कोण नवी नोकरी देणार? तो प्रश्नच नव्हता. दुखणं वेगळं होतं. माझ्या हाताखाली काम शिकलेला एक पोरगा इंदूरला गेला आणि तिथे स्वतःला 'सप्लाय चेन इव्हँजेलिस्ट' म्हणवू लागला. आमच्याकडे असताना तो चलनं हरवायचा.

लिंक्डइन नावाखाली हेडलाइनसाठी २२० अक्षरं देतं. 'वरिष्ठ सहाय्यक, खरेदी' हा माझा हुद्दा बोटांवर मोजला तर दहा अक्षरांत संपतो. उरलेल्या दोनशेदहांचं काय करायचं? माझं काम म्हणाल तर तीन कोटेशनं मागवणं, त्यांचा तक्ता करणं आणि साहेबांच्या मनातलं चौथं कोटेशनच कसं रास्त आहे हे त्या तक्त्यातून सिद्ध करणं. याला इंग्रजीत 'स्ट्रॅटेजिक सोर्सिंग लीडर' म्हणतात, हे मला त्या रात्री कळलं. पुढे 'मेंटॉर' जोडलं (इंदूरच्या पोराच्या आधाराने), मग 'चेंज मेकर'. चेंज म्हणजे सुट्टे पैसे असा अर्थ घेतला तर तेही खोटं नव्हतं. ऑफिसची पेटी कॅश माझ्याकडेच असते.

आता तुम्ही म्हणाल, या वयात कसली ही हौस! पण आमच्या शहराच्या पाण्यातच बिरुदं आहेत. विनोबा एकदा जबलपूरला 'संस्कारधानी' म्हणून गेले, तेव्हापासून इथलं एकही भाषण त्या शब्दावाचून सुरू होत नाही, आणि बहुतेक त्याच्या पुढेही जात नाही. हेडलाइन बदलण्यात तर या गावाने जो माणूस दिला त्याला जगात तोड नाही. चंद्रमोहन जैन या नावाचा मुलगा इथे कॉलेजात शिकला. भंवरताल बागेतल्या मौलश्रीच्या झाडाखाली १९५३ साली त्याला ज्ञान झालं असं सांगतात. मी त्याच बागेत बेकारीची दोन वर्षं बसलो, मला सर्दी झाली. पुढे तो इथेच तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि १९६६ साली त्याने राजीनामा दिला. मग हेडलाइनी पाहा: आचार्य रजनीश. त्यानंतर भगवान श्री रजनीश. इथे साधा माणूस थांबला असता, कारण 'भगवान'च्या वर प्रमोशनची जागाच नसते. हा थांबला नाही. १९८९ मध्ये त्याने सगळंच खोडून दोन अक्षरं ठेवली: ओशो. २२०ची मुभा नव्हती तेव्हा माणसाने दोनात भागवलं! शिवाय जबलपूरहून मुंबई आणि मुंबईहून पुणे, हा आमच्या सगळ्या हुशार मुलांचा मार्गही त्यानेच आधी आखून दिला. माझी लेक त्याच वाटेने गेली, फक्त हिंजवडीला.

याच गावात नेपियर टाउनमध्ये हरिशंकर परसाई राहायचे. 'टॉर्च बेचनेवाले' या त्यांच्या कथेत दोन मित्र आहेत. एक लोकांना अंधाराची भीती घालून टॉर्च विकतो, दुसरा तीच भीती घालून आतल्या प्रकाशाची प्रवचनं देतो, आणि श्रीमंत होतो दुसराच. परसाईंना १९८२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझं 'चेंज मेकर' वाचून ते काय म्हणाले असते, या विचाराने त्या रात्री हात किंचित अडखळला. पण 'सेव्ह' दाबलंच.

हेडलाइनबरोबर हुद्द्याच्या रकान्यातही तेच भरलं होतं, आणि तिथलं 'नेटवर्कला कळवा' हे बटण चालूच राहिलं होतं. सकाळी उठलो तर नव्या नोकरीबद्दल अभिनंदनांची रांग. ऑफिसात साहेब म्हणाले, "क्यों बड्डे, कहाँ चल दिए?" त्यांना त्याच खुर्चीत बसून पटवावं लागलं की मी याच खुर्चीत आहे. गुरुवारी दत्तमंदिरात एक काकू भेटल्या, पॅकेज विचारलं आणि माझ्या तोंडून उत्तर यायच्या आत म्हणाल्या, "पेढे नकोत हो, खोवा जलेबी चालेल." दोन किलो आणली. न मिळालेल्या नोकरीची ती काळी, खव्याची, पाकात जड झालेली जलेबी मंदिरातल्या मंडळींनी आवडीने खाल्ली.

एक रकाना मात्र अजून रिकामा आहे. भाषा. मराठीपुढे 'मातृभाषा' निवडायचं की 'कामापुरती', यावर बोट थांबलं. पुण्यात लेकीच्या सोसायटीत एक बाई मला म्हणाल्या होत्या, "अय्या, तिकडचे असून किती छान मराठी बोलता!" तिकडचे! घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोललो, आणि आता परीक्षेचा निकाल मात्र सदाशिव पेठेतून लागणार. हे मला अजून हसण्यावारी नेता आलेलं नाही.

माझ्या वडिलांना, अण्णांना, असला प्रश्न कधी पडला नाही. ते जीसीएफमध्ये, म्हणजे १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीत, टर्नर होते. त्यांच्या तोंडी 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे. जॉब म्हणजे लेथच्या चकात आवळलेला लोखंडाचा तुकडा. "आज जॉब चांगला उतरला," असं म्हणत ते सायकल भिंतीला लावायचे. किंवा, "जॉब आउट पळत होता, सेंटर करता करता दुपार गेली." २०२१ मध्ये सगळ्या आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, जीसीएफच्या डोक्यावर लांबलचक इंग्रजी नाव आलं. अण्णांनी बातमी वाचून पेपरची घडी घातली. "लेथ तेच ना?" एवढंच विचारलं.

हेडलाइन मी परत दहा अक्षरांवर आणली आहे. फोटो राहिला. कोटातला माझा एकच फोटो आहे, पुतण्याच्या लग्नातला, ग्रुपमधून कापलेला. त्यात डाव्या खांद्यावर एक हात तसाच राहिलाय, मनगटापर्यंत. फोटोला उभं राहताना अण्णा शेजारच्याचा खांदा असा धरायचे की चकात जॉब धरलाय. हलायची सोय नाही. लेक म्हणाली, "बाबा, एका क्लिकमध्ये जाईल तो हात." मी म्हटलं, बघतो. तिनेही पुढे विषय काढला नाही.

परवा इंदूरहून मेसेज आला. "सर, फोटोत कुणाचा तरी हात आलाय. काढून टाका, प्रोफेशनल वाटत नाही."

मी त्याला विचारलं, ती चलनं सापडली का.