भेंडवळचा घट आणि वरण-भाताची वाटी

दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. कडेने गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, सांडोई, करंजी, भजी, वडे, आणि खाली पानसुपारी. एवढं सगळं साग्रसंगीत वाढून झालं की मंडळी घरी निघून जातात. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत वाघ घराण्यातले महाराज जाऊन पाहतात : कोणता दाणा जागचा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं, करंजी शाबूत आहे की नाही. त्यावरून पाऊस, पीकपाणी, देशाची तिजोरी आणि राजाची गादी यांचं भाकीत निघतं, आणि ते ऐकायला शेतकऱ्यांइतकेच वाहिन्यांचे कॅमेरेही हजर असतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना हे भाकीत मान्य नाही, आणि विज्ञानाच्या बाजूने बोलायचं तर ते बरोबरच म्हणतात. पण भाकीत सोडून मांडणीकडे पाहावं. अख्ख्या पंचक्रोशीत हे एकच ताट असं आहे, जे वाढून झाल्यावर वाढणारे तिथून उठून जातात.

बाकी ताटांचं काय होतं ते याच तालुक्यात कोणत्याही गल्लीत रात्री आठच्या सुमाराला दिसेल. ताट नव्हे, वाटी. वाटीत मऊ भात, वरण, वर तुपाची धार. समोर दीड वर्षाचं लेकरू, आणि लेकराभोवती सर्वपक्षीय शिष्टमंडळ. आईच्या हातात चमचा. आजीकडे काऊ-चिऊचं खातं, काकांकडे मोबाइल, आजोबांकडे ‘पोलीस येईल बरं’ हे गृहखातं. शेजारीण निरीक्षक म्हणून आलेली असते आणि ‘वाळलं व लेकरू’ असा अहवाल देऊन जाते. चमचा ओठांशी येतो, ओठ मिटतात, मान अगदी मोजून तेवढीच डावीकडे वळते. चमचा डावीकडे जातो, मान उजवीकडे. मग पडद्यावर गाणं लागतं, लेकराचा जबडा आपोआप उघडतो, घास आत पडतो आणि डाव्या गालात जाऊन बसतो. तो गिळला जात नाही, थुंकलाही जात नाही. सरकारी फायलीसारखा प्रलंबित राहतो. पाऊण तासाने वाटी अर्धी होते, त्यातली पाव वाटी लाळेऱ्यावर असते, आणि घरात जाहीर होतं की लेकरू काहीच खात नाही.

आमचं म्हणणं एवढंच की खात नाही हा लेकराचा दोष नसून हिशेबाचा घोटाळा आहे. साधारण तीन किलोचं जन्मलेलं मूल पहिल्या वाढदिवसाला नऊएक किलोचं होतं. म्हणजे वर्षात तिप्पट. हीच गती पुढे चालावी अशी घरादाराची इच्छा असेल, तर दुसऱ्या वाढदिवसाला २७ आणि तिसऱ्याला ८१ किलोचं बालक कडेवर घ्यायची तयारी ठेवावी. निसर्गाला कंबरेची काळजी असल्याने दुसऱ्या वर्षात तो फक्त दोन-अडीच किलो वाढवतो. वाढ मंदावते, म्हणून भूकही ओसरते, आणि नेमकी याच महिन्यांत घरची वाटी मोठी होते. दुसरा घोटाळा मोजमापाचा. आपण एका जेवणावर निकाल देतो. अमेरिकेत लीअन बर्च आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं खाणं मोजून १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. एकेका जेवणात मुलांचं खाणं सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास वरखाली होत होतं, पण दिवसभराची बेरीज मात्र दहाएक टक्क्यांच्या आतबाहेर. सकाळी जेमतेम दोन घास खाणारं पोर दुपारी ते भरून काढत होतं, कुणी न सांगता. भेंडवळचे महाराज एका ढेकळावरून सगळा पावसाळा सांगत नाहीत, चारही ढेकळं बघतात. घराघरांतले भाकीतकार एका रात्रीच्या वाटीवरून लेकराचं पुढचं आयुष्य सांगून मोकळे होतात.

त्याहून जुना आणि त्याहून वेडा वाटणारा प्रयोग क्लारा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंनी केला. नुकत्याच अंगावरून सुटलेल्या १५ बाळांपुढे त्यांनी ३४ पदार्थांच्या यादीतले पदार्थ रोज मांडले आणि जे हवं ते, हवं तेवढं घेऊ दिलं. सगळा वृत्तान्त १९३९ मध्ये छापून आला. बाळांनी मीठ चाखून तोंडं वाकडी केली, कुणी एका बैठकीत अंड्यांवर ताव मारला, कुणी केळ्यांवर, पण वाढली सगळी धडधाकट. मुडदूस झालेल्या एकाने कॉड माशाच्या यकृताचं तेल आपण होऊन प्यायलं आणि बरा झाल्यावर सोडून दिलं. पण आम्हाला सगळ्यात थोर वाटते ती त्या प्रयोगातली परिचारिका. हातात चमचा घेऊन गप्प बसायचं, बाळाने एखाद्या पदार्थाकडे हात केला तरच चमचा पुढे करायचा, चेहऱ्यावर ना कौतुक ना काळजी, असा तिला हुकूम होता. अशी बाई वऱ्हाडात शोधून सापडणार नाही. आमच्याकडे चमचा पुढे करताना करणाऱ्याचंच तोंड आधी उघडतं.

यावर पहिला आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच डोंगररांगेत पूर्वेला, कुपोषणाच्या बातम्यांमुळे राज्याला माहीत झालेलं मेळघाट आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची आणि ३५.२ टक्के खुरटलेली निघाली. अशा राज्यात ‘नाही खाल्लं तर राहू द्या’ म्हणणं हा भरल्या पोटाचा विनोद नव्हे का? असता, जर त्या मुलांसमोर वाटी असूनही ती तोंड फिरवत असती तर. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी तुपाची धारच नाही आणि शिष्टमंडळ मजुरीला गेलेलं असतं. तिथे कमतरता अन्नाची, कामाची, वारंवार होणाऱ्या जुलाबांवरच्या उपचाराची असते. ‘एक घास काऊचा’ म्हणून ती भरून निघत नाही. आणि लेकरू खरंच वाळलं की नाही हे ठरवायला शेजारणीच्या डोळ्यापेक्षा स्वस्त साधन अंगणवाडीत आहे : वजनकाटा, वाढीचा तक्ता आणि दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असला तर लाल, म्हणजे आजच दवाखाना. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे सेविकेचं लक्ष. वजन महिनोन्‌महिने हलत नसेल, घास गिळताना ठसका लागत असेल, मूल मलूल असेल, तर हे सदर बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. पण ज्या घरांत सगळ्यात जास्त कोंबाकोंबी चालते, तिथल्या पोरांचा दंड बहुतेकदा हिरव्यात असतो आणि लाल झालेला असतो आईचा चेहरा.

दुसरा आक्षेप ‘काहीच खात नाही’ या वाक्यातल्या ‘काहीच’ या शब्दावर तपासून पाहावा. त्या काहीच्या आधी सहा वाजता दोन बिस्किटं झालेली असतात, साडेसहाला कुरकुरे, सातला ‘उपाशी कसं ठेवायचं’ म्हणून बाटलीभर दूध. वर्ष उलटल्यावर दिवसाला लिटर-लिटर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात भाकरीला जागा उरत नाही, आणि दुधात लोह जवळपास नसतं. त्याच पाहणीत राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. तरी बिस्किटाचा पुडा बाजारातून लेकराने आणला, अशी घरात सर्वांची समजूत असते. यावर उपाय म्हणून भुकेचं औषध येतं. या औषधांतलं एक नेहमीचं औषध मुळात ॲलर्जीवरचं आहे; भूक वाढणं हा त्याचा दुष्परिणाम, आणि झोप येणं हा दुसरा. म्हणजे पोर आधी पेंगतं, मग जेवतं, किंवा नुसतंच पेंगतं. तेही जमलं नाही तर मीठ-मोहऱ्या उतरवतात. खर्च आणि दुष्परिणाम दोन्ही बघता आम्ही मीठ-मोहऱ्यांच्या बाजूने आहोत.

राहता राहिला आजीचा आक्षेप : आम्ही चारचार पोरं अशीच भरवून मोठी केली. नम्रपणे सांगायचं तर चारचार पोरं असताना भरवायला वेळच नव्हता. पोरं मोठ्यांच्या पंगतीत मांडी घालून बसायची, कुणाच्या भाकरीचा पापुद्रा, कुणाच्या वरणाचा घोट, आणि अंगणात सांडलेलं चिमण्यांना. त्या काळी बालमृत्यू किती होते हे विसरून जुनं सोनं म्हणायचं कारण नाही, पण पंगत ही पद्धत चांगली होती. अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी तीच गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली : काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर पोर तो तोंडात घालतं, असंही अभ्यास सांगतात. आपण मेथी दोनदा नाकारली की कायमची बडतर्फ करतो. आणि जमिनीवर पडलेला दाणा पोराने उचलून खाल्ला की पाठीत धपाटा. तोही बसतो कुठे, तर उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचणाऱ्या गजानन महाराजांच्या तसबिरीखाली. शेगाव इथून लांब नाही.

तेव्हा घट मांडावा. रात्री आठला, घरच्या सगळ्यांसोबत, जमिनीवर. भाकरीचा तुकडा, वरण, थोडी मेथी, पापडाचा चतकोर. पाण्याचा छोटा पेला, मांडणीत घागर लागतेच. मग बघू नये. वीस मिनिटं आपण आपलं जेवावं, कपाशीच्या भावावर बोलावं. त्यानंतर फरशी वाचायला हरकत नाही. वरण पूर्वेला वाहिलेलं : पाऊस सर्वदूर. पेला पालथा : काही भागात अतिवृष्टी. मेथी जागची हललेली नाही : पालेभाजीला यंदा उठाव नाही, पुढच्या खेपेला पाहू. भाकरीचा तुकडा दोन्हीकडून कुरतडलेला : ज्वारी साधारण. पापड पूर्ण नाहीसा, आणि राजा पाटाशेजारी बसून आजोबांच्या ताटातली करंजी खातो आहे. गादीला धोका नाही.