लॉनवाले काका

पनवेलच्या बहुतेक सोसायट्यांत मार्च लागला की एक काका उगवतात. एरवी ते कमिटीतले साधे सभासद. पण देहरंग धरणाचा तळ दिसू लागला आणि पाणी दिवसाआड झालं, की व्हॉल्व्हची चावी कोणताही ठराव न होता त्यांच्या लेंग्याच्या खिशात जाते.

पहाटे ते खालच्या टाकीचं झाकण सरकवून बांबू बुडवतात, ओल कुठवर आली ते वितीनं मोजतात आणि ग्रुपवर टाकतात, "साडेतीन फूट. मुंजघरांनी नोंद घ्यावी." टँकर आला तर वर चढून आत डोकावल्याशिवाय सही नाही. लिफ्टमधून बॅगा निघताना दिसल्या की गोड हसून विचारणार, "पाहुणे का? वा वा! किती दिवस?" पाइप लावून गाडी धुणाऱ्यावर मात्र ते ओरडत नाहीत. नुसते शेजारी येऊन उभे राहतात. तो आपणहून नळ बंद करून फडकं आणायला जातो.

"इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो," ते ऐकवतात, "आणि आपण एप्रिलात टँकरवाल्याच्या पाया पडतो! देहरंगात गाळ साचलाय. जुन्या लोकांनी वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशी तळी राखली. आपण काय करतो? काठावर भेळ खातो." बोलणं खरं असतं, म्हणूनच कोणी थांबत नाही.

काकांचा जीव लॉनवर. बिल्डरच्या ब्रोशरमधलं खरं निघालेलं तेवढं एकच चित्र. पण "पाणी रोज येईपर्यंत नळाचं पाणी बागेला नाही" हा नियम त्यांनीच लिहिलेला, आणि माणूस नियमाचा पक्का. मग एसीचं पाणी. प्रत्येक एसीच्या नळीखाली बादली, बादलीवर फ्लॅट नंबर. रात्री दोनला एसी बंद करणाऱ्याला सकाळी जाब, "निम्मीच बादली? तुमच्या बाजूचं गवत पिवळं पडलंय हो!"

काकूंनी वीजबिल पुढे केलं तेव्हा काकांनी सिद्धांत मांडला. "अगं, खोपोलीला टाटांचं वीजघर आहे, 1915 पासूनचं. घाटावरच्या तलावांचं पाणी खाली येतं, वीज करतं आणि पाताळगंगेत पडतं. तेच उचलून आपल्याकडे येतं. वीज जास्त खपली तर पाणी जास्त सुटेल. आपण एसी लावतो ती समाजसेवा आहे!"

"आपली वीज महावितरणची," काकू बिल घडी घालत म्हणाल्या. "टाटांची मुंबईला जाते."

काका गप्प झाले. पुढच्या रविवारी भर दुपारी त्यांनी मुंबईच्या मेव्हण्याला फोन लावला. "काय रे, बिल टाटांचंच येतं ना तुला? मग एसी लाव. अठरावर. आणि शेजाऱ्यांनाही सांग... अरे थंडी वाजली तर गोधडी घे, पण बंद करू नकोस. इकडे लॉन जळतंय माझं!"