तूप काढा, सोडे राहू द्या

थळच्या कोळीवाड्यातल्या एका घरात परवा मासळी जोखायच्या काट्याला प्रवासाची बॅग टांगली होती. मुलगा मास्टर्स करायला जर्मनीला निघालाय. बॅगेला मुभा तेवीस किलोची आणि काटा सव्विसावर. खाली फरशीवर सोड्यांची पिशवी, तुपाचा डबा, पांढऱ्या कांद्याची माळ, पेढे, दोन नारळ. ‘‘यातलं काय काढू, सांगा,’’ त्याच्या आईने विचारलं.

तूप काढा, वहिनी. पेढेही काढा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ताजी भाजी-फळं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे कांद्याची माळ गेली, हिरवा कढीपत्ता गेला, आंबाही गेला. त्यातून सूट पाचच फळांना: नारळ, केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन. आणि सुकी मासळी, सुकवलेली कोलंबी स्वतःच्या खाण्यापुरती, वीस किलोपर्यंत, खुशाल न्या. सोडे राहिले म्हटल्यावर वहिनींचा चेहरा फुलला. मुलगा ऑस्ट्रेलियाला जाणार असता, तर मी दुसरंच सांगितलं असतं. तिथे खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना कागदावर जाहीर करावी लागते. लपवली तर दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो.

बॅग तेविसात बसली. मग मी मुलाला विचारलं, ‘‘उतरल्यावर घ्यायला कोण येणार? पहिल्या रात्री झोपणार कुठे? विमा कुठला घेतलास?’’ तो गप्प. बाप गप्प.

या घराने दीड वर्ष जिवाचं रान केलं. १ नोव्हेंबर २०२२पासून सक्तीचं झालेलं एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र काढलं, बँकेच्या खेपा घातल्या, व्हिसाची तारीख मिळेपर्यंत रात्री जागवल्या. आणि सगळी तयारी विमानतळाच्या दाराशी थांबली. याच घरातून बोट खांदेरीच्या पलीकडे जाते तेव्हा असं होत नाही. बर्फ किती, पाणी किती, डिझेल जायचं किती आणि यायचं किती, हे तांडेल आधी बघतो. कुठल्या अंगाला चाललो आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावर कुणाला तरी ठाऊक असतं. समुद्रावर जाताना जी अक्कल वापरता, ती पोराला सातासमुद्रापार धाडताना का बाजूला ठेवता?

पैशाचंच घ्या. जर्मनीच्या व्हिसासाठी बहुतेक विद्यार्थी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरतात. बारा लाखांच्या घरातली रक्कम. घरच्यांना वाटतं, पोराच्या हाताशी बारा लाख आहेत. नाहीत. त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, आणि तेही तिथे पोचून चालू खातं उघडल्यावर. त्यात काही आठवडे जातात. खोलीची अनामत आणि पहिलं भाडं मात्र त्याच आठवड्यांत द्यावं लागतं. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च वेगळा बांधून द्या. सोन्याची अंगठी नको, हा पैसा द्या.

खोली फोटोवरून घेऊ नका. किल्ली हातात यायच्या आधी अनामत मागणारा घरमालक बहुधा घरमालक नसतोच. अनामत किती घ्यायची, याला तिथे कायदा आहे: वीज-हीटिंगचा खर्च सोडून जे मूळ भाडं, त्याच्या तिपटीहून जास्त नाही, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ‘खोली देतो, पण पत्र देत नाही,’ असं कुणी म्हणालं तर ती खोली सोडा. विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी टाका. रांग लांब असते.

विम्यावर पैसे वाचवू नका. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला तिथला सार्वजनिक आरोग्यविमा सवलतीत मिळतो. स्वस्त पडतो म्हणून खासगी विमा घेऊन सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर ते शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. ही एक सही पोरं नकळत करून बसतात.

‘तिथे काम करून फेडीन’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकतो. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. काम मिळायला महिने जातात आणि हॉटेलात भांडी घासायलासुद्धा जर्मन समजावं लागतं. पहिलं वर्ष त्या कमाईच्या भरवशावर उभं करू नका.

आणि एजंट. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात. तरीही एखादा एजंट लाखोंच्या फीचं खासगी कॉलेज पुढे करत असेल, तर त्याला तोंडावर विचारा: त्या कॉलेजकडून तुम्हाला किती मिळतात?

हे सगळं कागदाचं झालं. मला माणसाचं सांगायचंय. थळहून अलिबाग किती लांब? तिथल्या पोस्टात गोपाळराव जोशी कारकून होते आणि त्यांची बायको आनंदीबाई तिथे राहिल्या होत्या. १८८३च्या एप्रिलमध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई अठराव्या वर्षी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवरा सोबत नव्हता. पण जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागल्या, तेव्हा घ्यायला कार्पेंटरबाई हजर होत्या. दोघींचा पत्रव्यवहार १८८०पासूनचा; तोंड बघायच्या आधीच नातं जुळलेलं. आज आपल्या हातात फोन आहे. विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या गटातलं एक पोर शोधून निघण्याआधी त्याच्याशी चार वेळा बोलायला काय लागतं?

त्याच आनंदीबाईंना तिथली थंडी आणि अन्न मानवलं नाही. ११ मार्च १८८६ला पदवी हाती आली, ती तब्येत खालावलेली असताना. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस पुरी झाली नव्हती. म्हणून माझं पोरांना कळकळीचं सांगणं आहे: ताप अंगावर काढू नका. जर्मनीत जिवावर बेतलं तर ११२, रात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, हे दोन आकडे पाठ करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. झोप उडाली, जेवण जात नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, हेही दुखणंच आहे. विद्यापीठात त्यासाठी समुपदेशक बसलेले असतात. आणि घरच्यांनो, फोनवर ‘जेवलास का’ विचारता तसं ‘पैसे उरलेत का’ हेही विचारा. एखादा विषय राहिला म्हणाला, तर कर्जाचा आकडा त्याच्यापुढे काढू नका. पुढच्या वेळी तो सांगायचाच नाही.

काल रात्री त्या घरून फोन आला. मुलाने त्याच विद्यापीठातला एक मुलगा शोधून काढलाय, नगरकडचा. थळला साडेअकरा वाजले होते, तिकडे आठ. अर्धा तास दोघे बोलले. शेवटी वहिनींनी फोन हातात घेऊन त्याला विचारलं, ‘‘बाळा, तू सोडे खातोस ना?’’

तो खात नाही. पण स्टेशनवर येतोय.