कागदोपत्री भाऊजी

भाऊजी हाडांचे डॉक्टर. सांगलीत वीस वर्षं लोकांचे खुबे आणि गुडघे बदलले, आणि पन्नाशीच्या तोंडावर इंग्लंडला जायचं डोक्यात घेतलं. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलला आधी इंग्रजी दाखवावं लागतं : आयेल्ट्समध्ये एकूण साडेसात, चारही विभागांत किमान सात. मग प्लॅब. पहिला पेपर १८० प्रश्नांचा, दुसरी परीक्षा मँचेस्टरला, तीही नटांना रुग्ण करून बसवलेली. तिथं रुग्णाला विचारावं लागतं, “तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशानं दुखत असेल?” भाऊजींनी सरावासाठी हे आधी सांगलीत विचारून पाहिलं. “ते कळलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?” म्हणत पेशंट समोरच्या दवाखान्यात गेला.

परवाना मिळाला. पण कायमचं कन्सल्टंट व्हायचं तर स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव हवं. तिथलं ट्रेनिंग केलेलं नसेल, तर आपलं ज्ञान आणि अनुभव कागदांनी सिद्ध करायचा. या वाटेला २०२३ पर्यंत सीईएसआर म्हणत, आता पोर्टफोलिओ पाथवे म्हणतात. नाव बदलल्यानं भाऊजींचे गठ्ठे काही हलके झाले नाहीत.

लॉगबुक, ऑडिट, सहकाऱ्यांचे अभिप्राय, आणि झाल्या प्रसंगातून आपण काय शिकलो याचं टिपण. शिवाय रुग्णांची नावं खोडायची. जुन्या कागदांवर सह्या घ्यायला भाऊजी सांगलीला आले, तेव्हा रेकॉर्ड रूममधला कारकून म्हणाला, “साहेब, ऑपरेशन तुम्हीच केलंत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे!” गावाची सही चालत नाही, हे त्याला कोण सांगणार?

आता पुरावा भाऊजींच्या रक्तात भिनलाय. मावशींनी बासुंदी वाढली की “छान झालीय” म्हणत नाहीत, लिहून देतात. ताईशी भांडण झालं की रात्री टिपण : काय घडलं, माझं काय चुकलं, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. ताई म्हणते, नवरा सुधारला नाही, पण नोंदी उत्तम आहेत. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो पाठवले, तर सगळ्यांचे चेहरे काळे केलेले. व्याह्यांना ते अजून नीट समजावता आलेलं नाही.

ऑपरेशनला मात्र आजही माझा गुडघा मी त्यांच्याच हातात देईन, एकही कागद न बघता. तुम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलात, तर निघताना दोन बऱ्या ओळी लिहून द्या. खाली सही करा आणि तारीख घाला. तारीख राहिली, तर भाऊजी स्टेशनपर्यंत मागं येतात.