डोक्याशी नातं

नाते गावाहून महाडकडे निघालेल्या दुचाकींवर हेल्मेट नसतं, असं कोण म्हणतं? असतं की! कुणाच्या कोपरात, कुणाच्या आरशावर, कुणाच्या टाकीवर. पुढं खाकी दिसली की झटकन डोक्यावर चढतं. पट्टा मात्र मोकळाच.

१ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला नि विकायला बंदी आहे. २०१६ च्या भारतीय मानक ब्यूरो कायद्यात सदोष माल परत बोलावायचीही सोय आहे. पण आमचं हेल्मेट परत बोलावणार कोण? ते रस्त्याकडेच्या दोरीवरून घेतलेलं, पावती नाही आणि विकणारा पावसाळ्यात छत्र्या विकतो. शिक्का विचारला तर म्हणाला, "कुठं लावू दादा, पुढं की मागं?" आता परत द्यायचंच झालं, तर आमची अट एकच: दंड चुकवायला दुसरं मिळेपर्यंत हेच राहू द्या!

शिक्क्याजवळचा परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. बाजारात नारळ घेताना आपण तीनदा वाजवून पाहतो. स्वतःच्या नारळासाठी निदान एकदा तरी बघा.