भुताचा सातबारा

हिंदी चित्रपटातील भुताचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिले शेवटच्या रिळात माणूस निघते. दुसरे शेवटपर्यंत भूतच राहते. तिसऱ्या प्रकारात भूत असतेच, पण घरातली माणसे त्याच्यापेक्षा वाईट निघतात. पोशाख, आवाज आणि वेग या तिन्ही बाबतींत या पिढ्यांचे एकमेकांशी पटत नाही. एक गोष्ट मात्र सर्वांत समान आहे. पडद्यावरच्या भुताला राहायला घर लागते, आणि घर म्हटले की मालकीचा वाद आलाच.

पहिल्या प्रकाराची आद्य प्रतिनिधी कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये (१९४९) सापडते. लिलावात घेतलेल्या जुन्या महालात नायक राहायला येतो आणि भिंतीवरच्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. पाठोपाठ एक सुंदर स्त्री कधी झोपाळ्यावर, कधी नदीकाठी दिसू लागते. ती भूत नसून माळ्याची मुलगी आहे, हे कोर्टात उघड होते. लिलावात बोली लावणाऱ्यापेक्षा वर्षानुवर्षे वास्तूत वावरणाऱ्याचा हक्क मोठा, असा तिचा एकंदर पवित्रा. मुंबई प्रांतात कूळ कायदा आदल्याच वर्षी झाला होता. चित्रपटातला महाल अलाहाबादेकडचा असला, तरी चित्रपट मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

या भुताला कसलीही घाई नव्हती. जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने ते आधी सावलीत दाखवले, मग पाठमोरे, आणि चेहऱ्याची वेळ येईपर्यंत प्रेक्षकाची अर्धी रात्र गेलेली असे. गाणेही तसेच दुरून जवळ येणारे. लता मंगेशकरांनी ते स्टुडिओच्या कोपऱ्यातून मायक्रोफोनकडे चालत येत गायल्याची आठवण प्रसिद्ध आहे. तबकडीवर मात्र गायिकेचे नाव छापले गेले ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. आवाजाचा सातबाराही असा काही काळ भुताच्या नावावर होता.

‘महल’चे संकलक बिमल रॉय. त्यांनीच पुढे दिग्दर्शित केलेल्या ‘मधुमती’त (१९५८) या प्रकाराला एक सन्माननीय अपवाद घडला. जमीनदाराकडून गुन्ह्याची कबुली मिळवण्यासाठी नायिकेसारख्या दिसणाऱ्या मुलीला भूत म्हणून उभे करण्याचा बेत ठरतो. मुलीला यायला उशीर होतो आणि खरे भूत वेळेवर हजर होते. वक्तशीरपणाचे हे उदाहरण त्या काळातल्या जिवंत पात्रांतही दुर्मीळ आहे.

अपवाद संपला आणि भुते पुन्हा माणसे निघू लागली. ‘बीस साल बाद’मध्ये (१९६२) वडिलोपार्जित हवेलीचा वारस गावी येतो आणि जुन्या पापाची थकबाकी त्याच्याकडून वसूल होऊ पाहते. ‘वो कौन थी?’मध्ये (१९६४) पावसाळी रात्री पांढऱ्या साडीतली साधना डॉक्टराच्या गाडीत बसते. सगळ्या गूढाच्या मुळाशी असते मृत्युपत्रातली एक अट : वारस वेडा ठरला तर इस्टेट त्याला मिळणार नाही. म्हणजे पांढरी साडी, धुके आणि स्मशान हा सगळा खटाटोप एका दस्तावेजासाठी. मराठी वाचकाला हे पटायला जड जाऊ नये. चार फुटांच्या बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या समाजाला साडीचा खर्च माफकच वाटेल.

दुसरा प्रकार रामसे बंधूंचा. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेल्या या कुटुंबाचा मूळ व्यवसाय रेडिओचा. १९७० साली त्यांचा एक चित्रपट पडला, पण मुखवटा चढवून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांचा प्रसंग प्रेक्षकांना आवडल्याचे मुलांनी हेरले. त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा चित्रपट निघाला. सगळे कुटुंब महाबळेश्वरला गेले आणि चित्रीकरण सहलीसारखे उरकून आले. सात भाऊ असल्यामुळे लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी आणि संकलन यांसाठी बाहेरचा माणूस आणण्याची गरज फारशी पडत नसे. भावांनी एकत्र राहून इतकी वर्षे धंदा केला, ही त्यांच्या चित्रपटांतली नसली तरी त्यांच्याबद्दलची सर्वांत अविश्वसनीय गोष्ट मानावी लागेल.

रामसेंचे भूत अस्सल होते. चेहरा तेवढा रबराचा. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी नावाच्या सैतानाचे धड एकीकडे आणि मुंडके दुसरीकडे पुरून ठेवलेले असते. एकाच मालमत्तेची इतकी काटेकोर वाटणी अन्य चित्रपटांत आढळत नाही. दोन्ही हिस्से पुन्हा एकत्र आले की अनर्थ ओढवतो, हा धडाही व्यवहारी आहे. भीतीच्या मधोमध जगदीपची ‘शोले’वरची विडंबने येत. त्यामुळे प्रेक्षकाला घाबरण्यास, हसण्यास आणि भजी आणण्यास पुरेसा अवकाश मिळे.

तिसऱ्या प्रकाराकडे जाताना वाटेत राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ (२००३) लागतो. येथे हवेली जाऊन मुंबईतला उंच इमारतीतला फ्लॅट आला आणि गाणी पूर्ण गेली. आधीची भाडेकरू बाल्कनीतून पडून मेल्याचे नवरा बायकोपासून लपवतो, कारण भाडे परवडणारे असते. मुंबईत याहून सबळ कारण लागत नाही.

आधुनिक भूत कुशल असले तरी उतावीळ असते. दोन मिनिटे शांतता, मग कानठळ्या, आणि कानठळ्यांबरोबर चेहरा. पूर्वी कंदील विझला की काम भागे. आता मोबाइलची रेंज जावी लागते, बॅटरी उतरावी लागते आणि चार्जर दुसऱ्या खोलीत राहावा लागतो. जुन्या भुताची आठवण घरी येईपर्यंत पुरे. नव्याने दचकलेला प्रेक्षक शेजाऱ्याचे पॉपकॉर्न सांडून लगेच हसतो.

चांगल्या नव्या चित्रपटांनी यावर उपाय शोधला तो घरातच. मराठी ‘लपाछपी’त उसाच्या फडातल्या घरात जे घडते, त्याच्या तळाशी मुलगाच वारस हवा हा हव्यास आहे. ‘मुंज्या’तले (२०२४) कोकणातले भूत संगणकावर घडवलेले, पण नाते अस्सल : ते नायकाच्या आजीचा भाऊ असते आणि आपल्याच रक्ताच्या माणसाला छळते. भाऊबंदकी मेल्यावरही सुटत नाही, याचा हा सचित्र पुरावा.

या साऱ्याचा कळस ‘तुंबाड’ (२०१८). त्यातला हस्तर कोणाच्या घरी जात नाही. माणूसच दोरीने वाड्याखाली उतरतो, पिठाची बाहुली पुढे करतो आणि सोन्याची नाणी घेऊन वर येतो. भुकेला हस्तर आहे, पण पुन्हा पुन्हा येतो तो नायक विनायक. ‘महल’ची सुरुवात लिलावाने झाली होती. ‘तुंबाड’चा शेवट जवळ येतो तो स्वातंत्र्यानंतर वाडा सरकारजमा होणार या बातमीने. घायकुतीला येऊन विनायक एकदम सगळेच लुटायला जातो आणि स्वतःच शापित होतो. मरणोन्मुख बाप सोन्याचा कायमचा झरा मुलापुढे धरतो, आणि पांडुरंग तो नाकारतो. सुमारे सत्तर वर्षांच्या या परंपरेत हक्कसोडपत्रावर सही करणारा वारस असा अखेर सापडतो.